सीनियर म्हणायचं तर पगार द्या

माझी बायको इंग्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात काम करायची. इथे ती शिकलेली नर्स. तिथल्या कागदांवर मात्र ‘सीनियर केअरर’, म्हणजे म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायकांमधली जरा वरची. तिचं नर्सिंग तिकडे चालेना आणि साध्या केअररला व्हिसा मिळेना, म्हणून आश्रमाच्या मालकिणीने हे मधलं पद निवडलं होतं. शांती नगरमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी सगळ्यांना ‘नर्स’ असंच सांगायचो. एवढं खुलासेवार कोण सांगत बसणार?

पाच वर्षं पूर्ण झाली की तिला तिथे कायमचं राहता येणार होतं, आणि मग मीही जाणार होतो. पण माझी आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. म्हणजे आई असेपर्यंत मी इथे, नंतर तिकडे, असं आमचं ठरलं होतं. आणि हे तोंडाने बोलायचं नाही, असंही.

आईचं सगळं करायला जवळच्या मोरवा गावातून एक मावशी यायच्या. सकाळी टँकर येऊन गेला की पाणी तापवून आईचं अंग पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं. बायको तिकडे परक्या म्हाताऱ्यांचं करायची आणि त्या पैशांतून मावशी माझ्या आईचं करायच्या. फ्लॅटचा हप्ताही त्यातूनच जायचा. माझ्या पगारात यातलं एकच काहीतरी भागलं असतं.

चार वर्षं उलटली, व्हिसा वाढवून घ्यायची वेळ आली, आणि तिकडच्या सरकारने नवीन नियम काढला. सीनियर म्हणता ना, मग सीनियरसारखा पगार द्या. नाहीतर व्हिसा वाढणार नाही. हे ऐकून मी काय केलं असेल? पेढे आणले! सरकारने माझ्या बायकोचा पगार वाढवला, असा सोयीस्कर अर्थ मी काढला होता. बिल्डिंगमध्ये वाटूनही झाले. खालच्या मजल्यावरचे शेठ म्हणाले, “भाभी का प्रमोशन? बढिया!” रविवारी फोनवर तिलाही हे सांगितलं.

“अहो, मालकिणीने द्यायला नको का तो पगार?” ती म्हणाली.

मालकीण तयार नव्हती. तिचं म्हणणं, हिला एकटीला वाढवला तर शेजारी तेच काम करणाऱ्या गावातल्या बायकांना मी काय सांगू? आणि सगळ्यांना वाढवला तर आश्रमच बंद करावा लागेल. पद खाली आणलं तर व्हिसा नाही, वर ठेवलं तर पगार नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. माझं डोकं फिरलं. सायबर कॅफेत बसून मी त्या बाईला खरमरीत इंग्रजीत ईमेल लिहायला घेतला. बायकोला वाचून दाखवला तर ती म्हणाली, “काही पाठवू नका. मला रोज तिच्यासमोर उभं राहायचंय.” मी तो पुसून टाकला. एवढंच माझ्या हातात होतं.

माझी चिडचिड बघून मावशींनी एकदा विचारलंच. मी सगळं सांगितलं. आईची वेणी घालत त्या ऐकत होत्या.

“म्हंजी बाईंचं काम त्येच हाय. वरती नाव काय लिवायचं, त्याचाच झगडा?”

“नाव आणि पगार, मावशी.”

“मंग माजं काय लिवाल वो?”

“तुमचं कुठे काय लिहायचंय!” मी हसलो. त्याही हसल्या.

व्हिसा वाढला नाही. बायको दोन बॅगा आणि मालकिणीने भेट दिलेली चहाची किटली घेऊन परत आली. निघताना मालकीण तिच्या गळ्यात पडून रडली म्हणे. माझा नाइलाज आहे, म्हणाली.

“रडायला काय जातंय तिचं!” मी म्हणालो. किटली मी माळ्यावर टाकून दिली.

बायको काशीमीऱ्यापासून दहिसरपर्यंत हॉस्पिटलांत फिरली. सगळीकडे एकच ऐकायला मिळालं: चार वर्षं नर्सिंग सोडलंत, आता नव्याने सुरुवात करावी लागेल. तिकडे जी सीनियर होती, ती इथे ज्युनियरच्याही खाली गेली. पगार सांगितले ते ऐकून ती घरीच थांबली. मी तिला काय सांगणार? घरी आता एकच पगार होता, हप्ता होता, आणि आईचं करायला बिनपगारी माणूस आलेलं होतं.

मावशींना मीच दाराशी सांगितलं. वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून आलं ते वेगळंच. “माझा नाइलाज आहे, मावशी.”

“तुमी तरी काय करनार, भाऊ? घरची बाई घरी आली,” त्या म्हणाल्या. मग आत जाऊन माझ्या बायकोला दाखवू लागल्या, पेज डाव्या अंगानं भरवायची, उजवीकडून सांडते. बायकोला ते सगळं येत होतं. तरी ती मान हलवत राहिली.

माझे डोळे भरून आले. बाहेर येताना मावशींनी ते पाहिलं की नाही, कोण जाणे. पाहिलं असेल तर त्यांच्याही मनात आलं असेल, रडायला काय जातंय याचं.