उन्हात ठेवलेली काडतुसं

गाडीच्या तापलेल्या डॅशबोर्डचा वास आला की परदेशातल्या हॉर्नबी गावातला एक रविवार आठवतो. रायफल क्लबच्या चषकासाठी निघालेला माझा पुणेरी इंजिनियर मित्र, घरी भरलेल्या काडतुसांत दारू किती काटेकोर मोजली यावर वाटभर व्याख्यान देत होता. चहाला थांबलो, तेव्हा भारतातून आलेल्या माझ्या बाबांनी काडतुसांचा डबा गुपचूप डॅशबोर्डवर उन्हात ठेवला. थंडीत जमवलेलं गणित तापलेल्या दारूने बिघडवलं. स्पर्धेत गोळ्या जास्त वेगाने सुटून निशाण्याच्या वर लागल्या. चषक गेला. डबा हाताला गरम लागला तेव्हा मित्राने बाबांना विचारलं, "काका, डबा उन्हात कशाला ठेवलात?" "दिवाळीचे फटाके नाही का वाळवत? जोर वाढतो. तुला विचारणार होतो, पण तू बोलू देशील तर ना!" मित्र गवतावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. हरलेल्या माणसाला इतकं हसताना मी नंतर पाहिलेलं नाही.