टेस्टिंगला आलेले चमत्कार

लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. डॉक्टर भेटला की लोक जशी जीभ बाहेर काढून दाखवतात, तशी लॅबवाला दिसला की खिशातून पुडी काढतात. "जरा टेस्ट करून द्या ना!" घरचं तूप, सासूबाईंचा काढा, कुठल्या तरी बाबाचा अंगारा, काहीही! नव्वदच्या दशकात ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका रंगाच्या फॅक्टरीत मी केमिस्ट होते, आणि खरं सांगते, आमच्याकडे रंगापेक्षा चमत्कारांचीच सॅम्पलं जास्त आली असतील. अजूनही आम्ही जुनी मंडळी भेटलो की एकाला एक किस्सा आठवतो, त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो आणि चहा गार होऊन जातो.

लॅबचे प्रमुख खानविलकर साहेब. राजापूरकडचे, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला कायम कसला ना कसला डाग. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं, पण "पुरावा काय?" हे विचारल्याशिवाय त्यांचं जेवण पचत नसे. हाताखाली आम्ही दोघी, मी आणि सुरेखा शिंदे. सुरेखा साताऱ्याकडची, नवरा तुर्भ्याच्या मार्केटात कामाला. शेजारचं स्टोअर सांभाळायचे भोईर, घणसोली गावातले. ते चहाला आमच्याकडेच पडलेले असत.

ज्या वर्षाचे हे किस्से आहेत, त्या वर्षी आमच्या डोक्यावर एक तलवार लटकत होती. मोठे मालक घरी बसले आणि त्यांचे चिरंजीव निखिलशेठ गादीवर आले. मुलगा शिकलेला, बोलायला गोड, पण वास्तुशास्त्राने झपाटलेला. त्यांच्या शास्त्रीजींनी नकाशा बघून सांगितलं होतं, "लॅब ईशान्य कोपऱ्यात आहे. देवाच्या जागी ॲसिड! प्रगती होणार कशी?" म्हणून लॅब गुजरातेतल्या प्लँटला हलवायची आणि इथे देऊळ नि कारंजं करायचं, असं घाटत होतं. आम्हाला दोनच रस्ते होते, गुजरात नाहीतर राजीनामा.

"पोरं शाळेत, नवरा मार्केटात. मी गुजरातेत जाऊन काय करू?" सुरेखा म्हणायची. "माझी नोकरी गेलीच म्हणायची!"

"शास्त्रीजी अजून प्रत्यक्ष जागा बघायला आलेले नाहीत," साहेब म्हणायचे. "ते येईपर्यंत काम करा."

* * *

एके दिवशी भोईर हळदीच्या डबीत कापूस आणि कापसात एक हिरवट गोळा घेऊन आले. लॅबचं दार त्यांनी आतून लावून घेतलं.

"साहेब, नागमनी हाय! माज्या मेव्हन्यानं घेतला एका मानसाकडनं. नागाच्या डोक्यातला! बगा, कसा चमकतो."

साहेबांनी भिंग लावून पाहिलं. टेबलावर गोळा गडगडवून पाहिला. मग मला म्हणाले, "गेटवरच्या गोटी सोडावाल्याकडे जा. फुटक्या बाटल्यांच्या गोट्या तो डब्यात ठेवतो. मूठभर आण."

आणल्या. साहेबांनी नागमणी त्या गोट्यांत टाकला, डबी खळखळ हलवली आणि भोईरांपुढे ठेवली. "हं, ओळखा आता तुमचा."

भोईर बराच वेळ बघत राहिले. एक उचलली, ठेवली. दुसरी उचलली, ठेवली.

"म्हणजे तुमच्या हिशेबाने बाहेरच्या सोडावाल्याकडे क्रेटभर नाग आहेत," साहेब म्हणाले.

भोईरांचा चेहरा एकदम उजळला. "तरीच! त्याची बाटली उघडली का फुस्स करते!"

* * *

मग निखिलशेठनी एक टायवाला माणूस पाठवला. त्याच्याकडे 'ऊर्जा कार्ड' होतं. खिशात ठेवलं की अंगात ताकद येते म्हणे, आणि सगळ्या स्टाफने ते ठेवावं अशी शेठची इच्छा. त्याने सुरेखाला हात आडवा धरायला सांगितला आणि दोन बोटांनी दाबला. हात खाली! मग कार्ड खिशात ठेवून दाबला. हात हलेना! कॅन्टीनमधून बघायला आलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता, लॅबची एक पद्धत असते. सॅम्पलवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. माल कुणाचा ते कळलं तर तपासणाऱ्याचा हात वाकडा पडतो. साहेबांनी तेच केलं. दोन पाकिटं घेतली, एकात कार्ड, दुसऱ्यात भोईरांच्या खिशातलं कॅन्टीनचं कूपन. पाकिटं बंद, वर एक आणि दोन असे आकडे. कशात काय आहे ते ना सुरेखाला माहीत, ना त्या टायवाल्याला.

एक नंबरचं पाकीट ठेवलं. हात खाली.

दोन नंबरचं ठेवलं. टायवाल्याने एक हात लावला, मग दोन्ही लावले. सुरेखा लोखंडाच्या खांबासारखी उभी! "बघा, बघा कार्डाची पॉवर!" तो ओरडला.

साहेबांनी पाकीट उघडलं. आत कूपन!

टायवाल्याने टाय सारखा केला. मग त्याने अगदी नम्रपणे विचारलं, "सर, कूपन कशाचं आहे?"

"उसळ-पावचं."

"मग बरोबर आहे! मटकीत प्रोटीन असतंच की!"

नंतर कितीतरी दिवस फॅक्टरीतली माणसं उसळीची कुपनं खिशात घालून फिरत होती. भोईर तर दोन ठेवायचे.

* * *

सुरेखाच्या कोपरखैरण्याच्या बिल्डिंगमध्ये सामंत काकू प्लँचेट करायच्या. कॅरम बोर्डावर अक्षरांचा कागद, त्यावर पालथी वाटी, वाटीवर तिघांची बोटं. आत्मा आला की वाटी अक्षरांवरून फिरते. नोकरी राहणार की जाणार, हे सुरेखाला विचारायचंच होतं. एका रविवारी दुपारी आम्ही गेलो आणि साहेबांनाही हट्टाने ओढून नेलं.

"आधी तुमच्यावर माया असलेलं कुणीतरी गेलेलं माणूस बोलवा," काकू म्हणाल्या.

"मग आईला बोलवा," साहेब म्हणाले.

वाटी हलली. सु... खी... रा... हा. काकूंनी पदराने डोळे टिपले. मलाही जरा गलबलून आलं.

साहेब हळूच म्हणाले, "काकू, माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. ती अंगठा लावायची."

पण सामंत काकू कसल्या हार मानतायत! "अहो, त्यांना वर जाऊन किती वर्षं झाली! एव्हाना शिकल्या असतील!"

आम्हाला वाटलं, आता साहेब पुरावा मागणार. ते वाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शिकली असेल तर बरंच झालं. फार इच्छा होती तिची."

हसलं कुणीच नाही. त्या दिवशी मला साहेब फार आवडले, हे आता सांगायला हरकत नाही.

मग सुरेखाने नोकरीचं विचारलं. वाटी फिरली, वा... ट... प... हा. जिना उतरताना साहेब म्हणाले, "हे उत्तर कुठल्याही सरकारी ऑफिसात मिळतं. त्यासाठी मरायची काय गरज?"

* * *

शास्त्रीजींच्या भेटीचा वार ठरला, तेव्हा सुरेखाच म्हणाली, "सगळे बरोबर आहोत तोवर एक पिकनिक तरी करू." उरणला गेलो आणि तिथून मोऱ्याच्या धक्क्यावर लाँच बघायला. धक्क्याजवळ एका कोळणीच्या दारात चौथऱ्यावर जात्याएवढं हाड मांडलेलं. त्याला हळदकुंकू, उदबत्ती, आणि मागे पाटी, 'राक्षसाचा मणका'. लाँचची वाट बघणारे लोक भक्तिभावाने नमस्कार करत होते. आमची सुरेखाही मध्ये घुसली. "लॅब वाचू दे, पुढच्या खेपेला ओटी घेऊन येईन!"

साहेबांनी वाकून हाड पाहिलं आणि त्या म्हाताऱ्या कोळणीला बाजूला घेऊन म्हणाले, "आजी, हे देवमाशाचं हाड आहे."

"मना म्हाईत नाय का?" आजी म्हणाल्या. "दर्यानं भायेर टाकला व्हता. माज्या सासऱ्यानीच वढून आनला."

"मग राक्षस कशाला सांगता?"

आजींनी साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मासा म्हनला त कोन बगाला येल रं बाबा? मासं त आमी रोज इकतो!"

साहेबांनी चक्क हात जोडले. परत येताना सुरेखाने विचारलं, "सर, तुम्हीपण नमस्कार केलात?"

"हाडाला नाही. बाईंना," साहेब म्हणाले.

* * *

साहेब अगदीच धुतल्या तांदळासारखे होते असं समजू नका. ऑडिटच्या दिवशी ते एकच जुनं ब्युरेट, म्हणजे थेंब मोजायची काचेची नळी, वापरायचे, तोंडाशी टवका उडालेलं. नवीन काचेचं सामान कपाटात पडून, आणि हे त्या तुटक्याला कुणाला हात लावू देत नसत.

"सर, हे लकी आहे का हो?" मी एकदा धीर करून विचारलं.

"मूर्खासारखं बोलू नकोस," साहेब म्हणाले. "त्याच्यावर ऑडिट कधी फेल गेलेलं नाही, एवढंच."

* * *

आणि मग शास्त्रीजी आले.

रेशमी झब्बा, कपाळाला गंध, हातात पितळेचं भलंमोठं होकायंत्र. मागे निखिलशेठ, त्यांच्यामागे मॅनेजर मंडळी. सुरेखाचा चेहरा पांढराफटक. सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. आज ईशान्य मोजली की संपलं!

"होकायंत्र ठेवायला सपाट जागा द्या," शास्त्रीजी म्हणाले.

टेबलावर बाटल्या, बीकर, रंगाचे डबे. तिळाएवढी जागा नव्हती. सुरेखाने घाईघाईत एका पांढऱ्या पाटावरचा बीकर उचलला आणि म्हणाली, "इथं ठेवा."

तो पाट म्हणजे आमचा स्टरर. त्याच्या पोटात मोटर असते, मोटरवर चुंबक गरगर फिरतं, आणि त्याच्या ओढीने वरच्या बीकरमधली छोटी कांडी फिरून रंग ढवळला जातो. आवाज म्हणाल तर शून्य. सुरेखाने बीकर उचलला, पण बटण बंद करायचं राहिलं.

शास्त्रीजींनी होकायंत्र ठेवलं. सुई थरथरली आणि फिरायला लागली. एक चक्कर, दुसरी, तिसरी... थांबायचं नावच नाही! शास्त्रीजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"शेठजी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "इथे दिशाच नाहीत!"

"म्हणजे?"

"जिथे दिशा नाही तिथे ईशान्य कुठली? आणि ईशान्य नाही तर दोष कुठला? या जागेला हात लावायचा नाही!"

सुरेखाने माझा हात इतका घट्ट पकडला की तिच्या बांगड्या मला रुतल्या. वाचलो! आता फक्त साहेबांनी गप्प बसायचं होतं. तेवढंच! सुरेखा डोळ्यांनी त्यांच्या विनवण्या करत होती. दारात उभ्या भोईरांनी तर ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

पण गप्प बसतील ते खानविलकर साहेब कसले!

"शास्त्रीजी, गैरसमज नको," ते पुढे झाले. "हे मशीन आहे. खाली चुंबक फिरतंय, म्हणून सुई फिरतेय. हे बघा." त्यांनी बटण बंद केलं. चुंबक थांबलं तिथे सुई थांबली, टोक खाडीकडे. "आता परत बघा." चालू केलं, बंद केलं. टोक कॅन्टीनकडे. अजून एकदा. या वेळी टोक थेट निखिलशेठच्या पोटाकडे! "दिसलं? थांबवू तिथे थांबते. यात चमत्कार काही नाही."

सुरेखाने डोळे मिटून घेतले. गेलं सगळं. मला साहेबांचा इतका राग आला की रडूच फुटायचं बाकी होतं.

शास्त्रीजींच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळायला लागलं होतं. त्यांनी होकायंत्र उचलून छातीशी धरलं आणि दोन पावलं मागे सरकले.

"शेठजी," ते म्हणाले, "मी जन्मभर लोकांना दिशा बघून घरं फिरवायला सांगितली. हे तर दिशाच फिरवतात!"

साहेब "अहो, ऐकून घ्या..." म्हणेपर्यंत निखिलशेठनी दाराबाहेर जाऊन बूट काढले होते. मोज्यांवर आत आले, साहेबांसमोर उभे राहिले आणि हात जोडले.

"खानविलकर साहेब, लॅब कुठेही जात नाही. कुणीच कुठे जात नाही. फक्त रविवारी माझ्या बंगल्यावर याल का? आमचं दार दक्षिणेला आहे हो... ती दक्षिण तेवढी जरा पूर्वेकडे सरकवून द्या!"