आखाजीची पावती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतो, कारण आता पोटात ठेववत नाही.

आमचं गाव तापीकाठचं. लहानसंच — पण घाट जुना, दगडी, देखणा. कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला आणि सुट्टीच्या दिवशी धुळे, जळगाव, पार सुरतेपासूनच्या गाड्या यायला लागल्या. पायऱ्यांवर बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या. बायकांना धुणं धुवायला जागा उरेना. मग ग्रामसभेने वेशीवर नाका बसवला. बाहेरच्याला माणशी वीस रुपये, गावकऱ्याला माफ. गावकरी ओळखायचा कसा? आधारवरचा पत्ता बघून — ही युक्ती माझी. सगळ्यांनी माना डोलावल्या. सासरी गेलेल्या लेकींचा पत्ता बदलतो, हे एकालाही सुचलं नाही. सुचणार कसं? सभेत सगळे पुरुषच होतो.

नाक्यावर मीच बसायचो. ओळखीपाळखीचे फुकट सोडतो, अशी माझ्या नावाने कुजबुज सुरू झाली होती. ती मला फार झोंबली होती. तेवढ्यात आखाजी आली.

आखाजी म्हणजे आमच्या खानदेशात लेकींनी माहेरी यायचा सण. माझी चुलत बहीण सिंधूअक्का रावेरहून आली — हातात पिशवी, घामाघूम. मागे गाड्यांची रांग, एकजण मोबाइल काढून उभा. आणि मी — थांबा, सांगतो — मी ओळखच दाखवली नाही. म्हणालो, "ताई, आधार दाखवा."

ताई. जिच्या कडेवर मी वाढलो, तिला.

"भाऊ, मी सिंधू शे ना," ती हळूच म्हणाली.

"आधार दाखवा." तिने कार्ड काढलं. "पत्ता रावेरचा आहे. वीस रुपये."

तिने दिले. पावतीची घडी केली, कनवटीला खोचली आणि चालू लागली. पुढच्या आखाजीला ती आली नाही. नंतरही नाही.

का येत नाही, ते तिने कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. तिच्या सख्ख्या भावाने, आबाने, खापर स्वतःच्या बायकोवर फोडलं — तूच काहीतरी टोचून बोलली असशील. वहिनी शपथा घेऊन थकली. आणि मी? त्यांच्या ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होतो. चार वर्षं. हातात वहिनीनेच दिलेला चहा.

नाक्यावरचं एक वेळ माफ होईल — नाही, तेही नाही. घाबरट होतो, दोन्हीकडे.

एवढं लिहिलं आणि छातीवरचा दगड उतरला, खरंच. कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतोय. आता शेजारी आबाकडे जातो. दोघांसमोर तोंडाने सांगणार आहे — वहिनीचा दोष नव्हता, अक्काचं माहेर मी तोडलं. मग रावेरला फोन लावून अक्कालाही तेच सांगेन.

बसणार नाही. आज चहा घेणार नाही.