आईच्या कानाशी

खाला आजारी माणसाच्या उशाशी येऊन बसली की घरातले मनातल्या मनात रडायची तयारी करू लागत. मरणाऱ्याचे ओठ ओल्या कापसाने टिपायचे, कानाशी हळूच कलमा, म्हणजे इस्लामच्या कबुलीचं वचन, म्हणायचा, हे तिचं उभ्या आयुष्याचं काम. "मला बघून पाहुणेसुद्धा चहा न घेता पळतात," असं ती स्वतःच हसून सांगे.

त्या दुपारी मात्र तिला हसू फुटेना. भाचीच्या नवऱ्याने बोलावलं होतं. हा प्लंबर गडी लग्नाआधी मुसलमान झालेला, अगदी मनापासून; त्याची आई आपल्या जुन्या धर्मातच राहिलेली, तीही मनापासून. आता तिची वाचा गेली होती, पण नजर शाबूत होती, आणि उजवा हात सारखा उशीखाली चाचपत होता.

"काय शोधतायत त्या?"

"जपमाळ. मी काढून घेतलीय." त्याने खिसा घट्ट धरला. "खाला, तिच्याकडून कलमा म्हणवून घ्या. बोलता येत नसलं तर मान तरी हलू दे. नाहीतर मेल्यावर वर ती मला पुन्हा कधीच भेटायची नाही."

खालाला त्याचा संताप आला आणि काळजात कालवलंही. ती वाकली. "ताई, कलमा म्हणायचाय?"

म्हातारीने डोळे गच्च मिटले आणि मान भिंतीकडे फिरवली.

"हलली मान! हो म्हणाली! खाला, तुम्ही पाहिलंत ना?"

दारात उभी असलेली भाची मावशीच्या तोंडाकडे बघू लागली. एक 'हो' म्हटलं की जावई खूश, भाचीचा संसार सुखात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"नाही म्हणाली ती," खाला म्हणाली.

"पुन्हा विचारा!"

"आपल्या धर्मातल्या माणसालासुद्धा मी कलमा एकदाच सांगते, मरणाऱ्याचं डोकं खात नाही. धर्मात जबरदस्ती नाही, असं कुराणात आहे. एका बापाला आपल्या मुलांवर जोर करायचा होता, तेव्हा ते वचन अल्लाकडून उतरलं म्हणतात. आणि आईबाप वेगळ्या वाटेचे असले तरी त्यांच्याशी नीट वाग, हेही त्यातच आहे. माळ दे तिची."

"मग ती गेल्यावर..."

"ते अल्ला बघेल. तू हिला बघ."

तो जागचा हलेना. मग म्हातारीचा श्वास अडखळला, तसा त्याने झटकन खिशात हात घातला. माळ तिच्या तळव्यावर ठेवली. बोटं मिटेनात, म्हणून एकेक बोट त्यानेच मिटवलं. तिने डोळे उघडले.

"खाला, आता कानात काय सांगू?"

"शाळेतून आलास की दारातून काय ओरडायचास?"

तो वाकला. "आई," म्हणाला, "आई, मी आलो गं." पुन्हा म्हणाला, पुन्हा म्हणाला. ही हाक मात्र खालाने त्याला कितीदाही मारू दिली.