सुटली म्हण

देवाशी मी खोटं बोललो नसेन, पण त्याच्या नावाने माणसांना घाबरवलं मात्र भरपूर. चिखलीतल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मी समुपदेशक आहे. स्वतः दहा वर्षं पिऊन झालंय, त्यामुळे दारुड्याच्या सगळ्या थापा तोंडपाठ. आईने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून मला शपथ घातली होती. आठ दिवसांत मी ती मोडली आणि महिन्याभरात आई गेली. त्या धसक्याने माझी दारू सुटली. म्हणून येईल त्याला मी लेकराबाळांची शपथ घालायचो. अक्कल म्हणाल तर एवढीच!

चाकणला कंपनीत वेल्डिंग करणारा, बीडकडचा एक जण असाच माझ्यापुढे मुलीची शपथ घेऊन गेला. तीन महिने थेंबाला शिवला नाही. मग एकदा शिफ्ट सुटल्यावर मित्रांबरोबर बसला, आणि दुसऱ्याच दिवशी मुलगी तापाने फणफणली. डेंगी निघाला. त्याची बायको फोनवर रडत होती, "सर, ते म्हणत्यात, शपथ मोडून मीच मारायलोय तिला. दवाखान्यात पाऊल टाकीनात. पोरगी सारखी पप्पा पप्पा करायलीय." शपथ मीच घातली होती. मुलीचं काही बरंवाईट झालं असतं तर हा बाप जगला नसता.

भैरवनाथाच्या देवळात जाऊन बसलो. भर दुपारी देऊळ रिकामं होतं. प्रार्थनासुद्धा सुचेना, नुसता रडत राहिलो. ओटा झाडणाऱ्या एका म्हातारीने विचारलं, तेव्हा तिला सगळं सांगून टाकलं, अगदी आईचंही.

"येडा का खुळा तू?" ती म्हणाली. "घातली त्यानं सुटली म्हणायचं, की सुटती शपथ. ल्हानपणी म्हणत न्हवतास व्हय?"

"पण घालणारीच गेली असेल तर?"

"आई व्हती न्हवं ती? जाताना सोडवूनच गेली आसंल. आया काय लेकरं बांधून ठिवत्यात व्हय?"

तिचं नाव विचारायचंही राहिलं. पुढे कितीदा गेलो, ती पुन्हा दिसली नाही.

मुलीचा बाप दवाखान्यासमोर चहाच्या टपरीमागे बसला होता. तोंडाला वास येत होता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "सुटली. तुझी शपथ सुटली." तो ओक्साबोक्शी रडला. मग म्हणाला, "पोरगी वाचंल का, सर?"

एरवी मी काहीतरी ठणकावून सांगितलं असतं. "मला माहीत नाही रे," मी म्हणालो. "चल, तिच्याजवळ बसू." तो उठला.

मुलगी वाचली. बाप मात्र त्यानंतर दोनदा प्यायला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून केंद्रात आला, मान खाली घालून, पण आला. मी दोघांसाठी चहा सांगितला. सोडवणारा मी नव्हे, हे नाथांनी मला त्या म्हातारीच्या तोंडून शिकवलं, त्याचे उपकार फिटायचे नाहीत.