एकट्याने उतरू नये

आमच्या क्लबात नाणं मिळायचं ते पाण्याखाली. हार नाहीत, टाळ्या नाहीत, भाषण नाही. समुद्रात पहिल्यांदा नीट उतरलेल्या माणसाशी सर तिथेच तळाशी हात मिळवायचे, आणि त्या हातातून नाणं आपल्या तळव्यात यायचं.

सर पूर्वी नौदलात पाणबुडे होते. निवृत्त झाल्यावर पालघरला राहायला आले आणि बोईसरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आम्हा हौशी मंडळींना डायव्हिंग शिकवू लागले. नोकरीत असताना एका परदेशी पाणबुड्याने त्यांना असंच हातात हात देऊन नाणं दिलं होतं. ती पद्धत त्यांनी इथे आणली. क्लबातल्या एकाचा एमआयडीसीत लेथचा कारखाना होता. तो पितळेच्या दांड्यातून चकत्या कापायचा आणि त्यावर कोरून द्यायचा. एका बाजूला अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेलं कडं, म्हणजे पाण्याखालची ‘मी ठीक आहे’ची खूण. दुसऱ्या बाजूला शेजारी शेजारी दोन सिलिंडर, आणि भोवती गोलाकार अक्षरं : एकट्याने उतरू नये.

मी मूळची सोलापूरकडची. लग्न होऊन बोईसरला आले आणि औषधांच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत लागले. पोहता येत नव्हतं. मला या भानगडीत ओढलं ते माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीने. ती चिंचणीची, मच्छीमाराच्या घरातली, माझ्याहून बरीच लहान.

“ताई, तू चल ना माज्यासोबत,” ती मागे लागली. “एकटीला घेत नाय ते. जोडी लागते.”

“अगं, मला बादलीतल्या पाण्याचीसुद्धा भीती वाटते.”

“मग तर चलच. मी हाय ना.”

चिडली किंवा खुशीत आली की ती घरच्या बोलीवर यायची. एरवी अगदी छापील बोलायची. तिला पाण्याखाली कशाला जायचंय, असं मी विचारलं तर म्हणाली, “बाबा जन्मभर वरूनच बघत आले. जाळ्यात येतं तेवढंच त्यांना दिसतं. मला खाली काय चालतं ते बघायचंय.”

आधी तरणतलावात, मग मनोरच्या रस्त्याला दगडाच्या एका जुन्या खाणीत पाणी साठलं होतं तिथे आम्ही सराव केला. खाणीतलं पाणी थंडगार. मी पहिल्याच दिवशी घाबरून तोंडातली नळी काढायला गेले, तेव्हा तिने माझं मनगट धरलं आणि माझ्या मास्कसमोर स्वतःचा चेहरा आणून ठेवला. माझा श्वास ताळ्यावर येईपर्यंत तिने डोळे हलवले नाहीत. त्या दिवसापासून आमची जोडी पक्की झाली.

नाणं मिळालं मालवणला. थंडीच्या दिवसांत क्लब तिकडे जायचा. सरांनी आधी तिच्याशी हात मिळवला, मग माझ्याशी. ती पाण्याखाली इतकी हसली की तिच्या मास्कमध्ये पाणी शिरलं.

नाणं कायम जवळ बाळगायचं असा नियम होता. रविवारच्या सरावानंतर टपरीवर चहा पिताना कोणीतरी आपलं नाणं टेबलावर ठक्‌कन आपटायचं, की सगळ्यांनी आपापलं काढून दाखवायचं. ज्याच्याकडे नसेल त्याने सगळ्यांचे डायव्हिंगचे रबरी सूट गोड्या पाण्याने धुवायचे. मी बऱ्याचदा धुतले. ती एकदाही नाही. तिचं नाणं घामाने आणि खाऱ्या हवेने काळवंडलं की चिंच लावून घासायची.

दुसऱ्या वर्षी तिच्या दंडांवर निळे डाग दिसायला लागले. सिलिंडर उचलताना लागलं असेल म्हणून आम्ही दोघींनी ते हसण्यावारी नेलं. मग ताप येऊ लागला, जिना चढताना धाप लागायला लागली. बोईसरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून मुंबईला पाठवलं. रक्ताचा कॅन्सर होता.

सुटीच्या दिवशी मी भेटायला जायचे. तिचे वडील वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसलेले असायचे. उन्हाने रापलेला, दणकट माणूस. पण तिथल्या पांढऱ्या भिंतींपुढे अगदी लहान दिसायचे. आत एका वेळी एकालाच सोडत, तोंडाला फडकं बांधून. तिची उशी उचलली की खाली नाणं असायचं. नर्स रोज येऊन ते पुसून परत तिथेच ठेवायची.

“सर काय म्हणतात?” ती विचारायची.

“तुझा सूट दुसऱ्या कोणाला देत नाहीत म्हणतात.”

“द्यायला सांग. रबर कडक होतं पडून.”

पुढे तिला बोलवेनासं झालं. काचेच्या दारातूनच बघायची परवानगी मिळाली. एका दुपारी तिचे वडील आणि मी दारापाशी उभे होतो. तिने आमच्याकडे पाहिलं, हात जेमतेम चादरीवरून उचलला आणि अंगठा वर केला.

“बघ,” वडील म्हणाले. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. “आंगठा दाखवते. आज बरं हाय तिला.”

मी मान हलवली. पाण्याखाली अंगठा वर करण्याचा अर्थ तो नसतो. ‘आता वर जाऊ या, बस झालं,’ असा असतो. दोघांपैकी कोणीही, काही कारण न देता, तशी खूण करू शकतो, आणि दुसऱ्याने हुज्जत घालायची नसते. तिने ती खूण माझ्याकडे बघून केली होती. मी दाराच्या अलीकडून अंगठा वर केला. आपण बघितलं हे कळवायला तसंच करायचं असतं. तिने डोळे मिटले. वडील समाधानाने पुन्हा बाकड्यावर जाऊन बसले. त्यांना मी काही सांगितलं नाही, आजही सांगितलेलं नाही.

ती गेली. अस्थी घरच्यांनी चिंचणीच्याच समुद्रात सोडल्या. त्यानंतर क्लबात तिच्या नाण्याचं काय करायचं हा प्रश्न आला. आधी कोणी गेलंच नव्हतं, त्यामुळे तशी रीतही नव्हती. कोणी म्हणालं, चौकटीत बसवून लावू. बहुतेकांचं मत पडलं की मालवणला, जिथे तिला ते मिळालं तिथेच तळाशी नेऊन ठेवावं. सरांनाही ते पटलं. पण नाणं तिच्या घरी होतं, तेव्हा आई-वडिलांना विचारायला सर आणि मी चिंचणीला गेलो.

सरांनी काय बोलायचं ते मनाशी जुळवलं होतं. आई अंगणात बसली होती. सरांचं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “पान्यात टाकायचं ते आमी टाकलं, साहेब. माझी पोर टाकली. आता हे तरी माझ्याकडं राहू द्या.”

सरांनी हात जोडले.

आईने कनवटीचं नाणं काढून माझ्यापुढे धरलं. “बाय, हा हात कसला गो काढलाय?”

“ती खूण आहे, मावशी. खाली बोलता येत नाही ना. जोडीदाराला विचारायचं, ठीक आहेस का.”

“आनि त्यानं?”

“त्यानेही तशीच खूण करायची. ठीक असेल तर.”

तिने आपला हात वर केला. कोळंबी सोलून बोटांना चिरा पडल्या होत्या. अंगठा आणि तर्जनी नीट जुळेनात, पण तिने जुळवली आणि माझ्याकडे बघत राहिली. विचारत होती की सांगत होती, मला कळलं नाही. मला माझा हात उचलता आला नाही. मग तिनेच माझा हात धरून मांडीवर घेतला, आणि आम्ही तशाच बसलो.

क्लब अजून चालतो. सरांनी मला नवीन जोडीदार दिली, चांगली मुलगी आहे. तरणतलावात मी तिच्याबरोबर उतरते, पण मालवणला बोटीतच बसते आणि सर मला आग्रह करत नाहीत.

चिंचणीला मात्र जाते. आई मुलीबद्दल फारसं बोलत नाही. माझ्या नोकरीचं विचारते, निघताना सुका जवळा बांधून देते. मागच्या खेपेला आम्ही दोघी काठीवर बोंबील वाळत घालत होतो. ओहोटी लागली होती, पाणी फार लांब गेलं होतं. तिकडे न बघताच तिने विचारलं, “खाली काळोख असतो का गो?”

मालवणला नसतो, तिथे ऊन तळापर्यंत उतरतं, हे मला सांगता आलं असतं. पण तिला मालवणचं विचारायचं नव्हतं. इथलं पाणी गढूळ. इथे आमच्यातलं कोणी कधी उतरलेलं नाही.

“इथलं मला ठाऊक नाही, मावशी,” मी म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली, आणि तिने पुढचा बोंबील माझ्या हातात दिला.