कडेचे डाग

पंच्याऐंशी साल असेल. पार्ल्याला स्टेशनजवळ एका जिन्याखाली एक बाइंडर बसायचा. आई गेल्यावर तिची रोजच्या वाचनातली, पानं सुटलेली पोथी मी त्याच्याकडे नेली. "शिवून द्या आणि कडा कापून झकास करा," म्हणालो. गूढार्थावरची प्रवचनं ऐकून ऐकून पोथीतलं सगळं आपल्याला कळतं, असं तेव्हा मला वाटायचं.

त्याने हाताची खळ लेंग्याला पुसली, पानं भराभर उलटली आणि एकदम ओरडला, "कापू? वेडे झालात का साहेब? अहो, खरी पोथी तर कडेलाच आहे!"

मी वाकून पाहिलं. कडेला अंगठ्याचे तेलकट डाग होते.

"ही जन्मकथा बघा, कोरी करकरीत. फलश्रुतीला तर बोटसुद्धा लागलेलं नाही!" बोलता बोलता तो उठून उभाच राहिला. मलाही दम धरवेना. त्याने आणखी एक पान उघडून माझ्यापुढे धरलं, "आणि हे!"

त्या एका पानाचा कोपरा काळा पडून झिजला होता. तिथे भक्त देवाला रागावून जाब विचारतो. आमचे प्रवचनकार म्हणायचे, हा जिवाशिवाचा लाडिक संवाद.

मी तसं सांगताच तो उसळला. "लाडिक कसला डोंबलाचा! तुमच्या घरात कोणीतरी रोज देवाशी कडाकडा भांडत होतं हो!"

मी पोथी तशीच परत मागून घेतली.

आईचा चढलेला आवाज आमच्या घरात कधी कोणी ऐकला नव्हता.